लहान मुलीचा आवाज

९ जानेवारी, मंगळवार

अकराव्या प्रकरणात ती म्हातारी पोरीच्या तोंडावर दार लावून घेते, तिथे तू एवढा वेळ गप्प बसलीस की मला वाटलं फोनच मेला. मी तो दोनदा मांडीवर आपटला. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात तू पुढचं वाक्य वाचलंस. ऐकणाऱ्याला असं टांगून ठेवायचं असेल तर आधी सांगून ठेवावं. दुसरं म्हणजे, कडू शब्द आला की त्याच्या आधी तू नाकानं श्वास ओढतेस. लेखकानं तो शब्द वाक्याच्या पोटात नीट दडवून ठेवलेला असतो, आणि तुझा श्वास चहाडी करतो की सावध व्हा, आता लागणार. चौदा तास बावीस मिनिटांच्या पुस्तकात असे एकसष्ट श्वास मी मोजले. मला दुसरं काम नाही.

आता पत्राला सुरुवात करते.

टिटवीस आशीर्वाद. नको असतील तर कुणाला तरी देऊन टाक, पत्रात लिहावे लागतात म्हणून लिहिले.

मी तुझी आजी. अक्षरावरून ओळखलंच असशील. माझी शाळा चौथीत सुटली आणि अक्षर तिथंच राहिलं. आता डोळ्यांमुळे ते पहिलीत उतरलंय. डॉक्टर म्हणतो, डोळ्याचा मधला भाग झिजला, कडा शाबूत आहेत. म्हणजे समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. काही माणसांच्या बाबतीत ही सोयच आहे. म्हणून जाड काळ्या पेनानं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते. एका पानावर दहा ओळी मावतात. पुडकं जाड दिसलं तरी घाबरू नकोस, मजकूर थोडाच आहे.

फोनवर पुस्तकं लावून दिली ती खालच्या घड्याळवाल्यानं. तोच, ज्याच्या दुकानाच्या काचेला नाक लावून तू ती धुरकट करायचीस. त्याची बायको गेल्यापासून तो दुपारी वर येतो आणि आम्ही दोघं ऐकतो. त्याचं मत असं की वाचणाऱ्यानं एका लयीत वाचत जावं, रडायचं काय ते ऐकणारा बघून घेईल. मी म्हटलं, "मग भिंतीवरच्या घड्याळालाच द्या की कादंबरी वाचायला."

"ते निदान मध्ये खोकत नाही," तो म्हणाला.

वर्षभरात बेचाळीस पुस्तकं झाली. एक जाड्या आवाजाचा माणूस आहे, तो सगळं साबणाच्या जाहिरातीसारखं वाचतो. पुस्तकात माणूस मरतो आणि याच्या आवाजाला फेस येतो. एक बाई आहे, ती पात्राच्या आधी रडून घेते, मग पात्राला रडायला जागाच उरत नाही. एका कादंबरीत आठव्या प्रकरणापर्यंत वाचणारा ठणठणीत होता, नवव्यात त्याला सर्दी झाली, दहाव्यात गेली. नायक त्याच खोलीत त्याच खुर्चीवर बसून होता, नाक मात्र आलटून पालटून चोंदलेलं. आणि पुरुष बायकांचे आवाज काढतात ते तर ऐकवत नाही. शहात्तर वर्षांत मला एकही बाई अशी भेटली नाही जी प्रत्येक वाक्याला दाराच्या बिजागरीसारखी करकरते. दोन प्रकरणांच्या मध्ये वाद्यं वाजवतात, तेवढ्यात मी पाणी पिऊन येते.

तू सापडलीस नोव्हेंबरात. तिथं तुझं नाव वेगळंच लावलंय. लग्नाचं असेल नाहीतर हौसेचं असेल, मी विचारत नाही. पहिल्या वाक्याला मी ओळखलं नाही. पाचव्याला ओळखलं. वाक्य संपलं तरी तू आवाज खाली टेकवत नाहीस, तसाच वर धरून ठेवतेस. लहानपणी 'येते' म्हणायचीस आणि यायची नाहीस, तेव्हाचा आवाज तो. मी उशीचे अभ्रे दोरीवर टाकत होते. ते तसेच बादलीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी वास मारायला लागले, पुन्हा धुवावे लागले.

घड्याळवाल्याला मी काही बोलले नाही. अर्ध्या तासानं तोच म्हणाला, "ही पोरगी चांगली आहे. एक शब्द गाळत नाही." मी उठून स्वयंपाकघरात गेले.

पुस्तकाच्या शेवटी सांगतात, अभिप्राय अमुक पत्त्यावर कळवा. हा माझा अभिप्राय. तू घर सोडून गेलीस त्या दुपारबद्दल मला काही लिहायचं नाही.

आजी

६ फेब्रुवारी, मंगळवार

तुमच्या कंपनीचं कार्ड आलं. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." खाली सहीसुद्धा छापलेली. घड्याळवाल्यानं वाचलं, तर मी विचारलं, "नीट बघा, काही राहिलं का?"

"एवढंच आहे हो. मागं कोरं."

वाचणाऱ्याला मी विचारतेय राहिलं का म्हणून, याचं तुला हसू येईल. येऊ दे.

आज पुस्तकाबद्दल लिहिते. हॉटेलात मागं राहिलेल्या त्या सात वर्षांच्या मुलीचं तू बोलतेस ते चांगलं जमलंय. बाकीचे सगळे लहान मुलीचा आवाज काढायचा म्हटलं की नाकात बोलतात, लाडात येतात, जिभेला साखर लावतात. सात वर्षांच्या पोरी असं बोलत नाहीत. सात वर्षांच्या पोरी हिशेबनीसासारख्या बोलतात. तू सहा-सात वर्षांची असताना मला विचारलं होतंस, "तू मेल्यावर हा पलंग कुणाचा?" अगदी सरळ आवाजात. ते पुस्तकातली मुलगी विचारते तेव्हा तू तसंच सरळ वाचलंस. तिथं तुला मार्क दिले.

लेखकाला मात्र सांग, तुमची ओळख असेल तर. त्याच्या हॉटेलातली ती बाई एकटीनं मोठ्या चादरींच्या घड्या घालते आणि वर गाणं म्हणते. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काढली. मोठी चादर एकटीनं घडी होत नाही. दोघी लागतात. दोन टोकं तू धर, दोन मी धरते, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. दिवसाला चारशे वेळा असं समोरासमोर यायचं. आणि गाणं कसलं, त्या मशिनींपुढे स्वतःचा खोकला ऐकू येत नव्हता. तुला माहीत आहे, तू तिथं कपड्यांच्या टोपलीत बसूनच वाढलीस. वाचताना तुला खटकलं असणार. खटकलं तरी लिहिलंय तसं वाचलंस, हे बरं केलंस.

त्या दुपारबद्दल लिहिणार नव्हते. लिहिते, कारण त्या दुपारी मी तुला पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकणारीला मत देता येतं.

एकोणीस वर्षांची होतीस. शाळेचा दाखला शोधायला पेटी उघडलीस आणि तुझ्या आईची सात पत्रं हाती लागली. पलंगावर बसलीस आणि मोठ्यानं वाचायला लागलीस, तारखेपासून सहीपर्यंत, एकामागून एक. मी इस्त्री करत होते. ज्या ओळी तुला ऐकायलाच मिळाल्या नव्हत्या, त्यांच्यावर तू आवाज चढवला नाहीस, थांबलीसही नाहीस. "शाळेत नाव घातलं आहे, जूनमध्ये तिला पाठव." पुढं. "तिचा पलंग आणला, खिडकीपाशी लावला." पुढं. "तिला विचार, तिला यायचंय का." पुढं. त्यानंतर मी बेचाळीस पुस्तकं ऐकली. इतकं चांगलं वाचन एकातही नाही.

तुझी बाजू मी त्या दिवशी ऐकली. माझी एकदा लिहून टाकते.

तुझा बाप तोंड काळं करून गेला तेव्हा तू तीन वर्षांची. वर्षानं तुझी आई परदेशात वृद्धाश्रमात नोकरीला गेली. एक वर्षासाठी, म्हणाली. पैसे साठले की येते आणि पोरीला नेते. दोन वर्षं झाली आणि ती नुसतं लिहायला लागली, पोरीला पाठव. तेव्हा फोन कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि दुकानदार कान लावून बसायचा, म्हणून सगळा कारभार पत्रांनी. पत्र आलं की तू माझ्या मांडीवर चढायचीस. मला वाचता यायचं ते ओळीवर बोट ठेवून. नको त्या ओळीवर बोट आलं की मी ते उचलायचे आणि खालच्या ओळीवर ठेवायचे. "आई बरी आहे. तिकडं थंडी आहे. आजीचं ऐकत जा."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग कागद एवढा मोठा का?"

"तिचं अक्षर मोठं आहे."

मी हे प्रेमापोटी केलं असं लिहिणार नाही. कादंबऱ्यांतल्या म्हाताऱ्या शेवटी तसं म्हणतात आणि वाचणाऱ्या बायका तिथं आवाज ओला करतात. मला घरात माणूस हवं होतं. नवरा मेला होता, लेक गेली होती. कामावरून आल्यावर "आलीस?" विचारणारं कुणीतरी पाहिजे होतं. तू विचारायचीस. बस्स.

सातवं पत्र संपल्यावर तू घडी घातलीस आणि म्हणालीस, "सात वेळा बोलावलं तिनं. मग दमली." नंतर म्हणालीस, "तू बरी, तू दमत नाहीस." आणि बॅग भरायला लागलीस.

मी काही बोलले नाही. इस्त्री तापलेली होती.

आजी

४ मार्च, सोमवार

पत्रं तुला पोचली. नाही म्हणू नकोस. तुझं नवं पुस्तक आलंय, वीस तासांचं, आणि त्यात एकही श्वास ऐकू येत नाही. मी पहिले सहा तास ऐकले आणि मग उगीच पुढून-मागून तुकडे लावून बघितले. नाहीच.

आता तक्रार अशी की फारच गुळगुळीत झालंय. थोडे ठेवायचे होतेस. घड्याळवाला म्हणतो, "चांगली वाचत होती, तुम्ही बिघडवलीत." तू कोण ते त्याला आता माहीत आहे. मी सांगितलं नाही. म्हणाला, "तुम्ही दुसऱ्या कुणाचे श्वास मोजत नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो, मला वेळ लागतो, पण कळतं."

तू माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस आणि माझं ऐकलंस मात्र. हा स्वभाव कुणाचा ते मला विचारू नकोस.

आज तुझ्या आईचं लिहायचंय. बरी आहे. पंचावन्न वर्षांची झाली, गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे. त्याच वृद्धाश्रमात आहे, आता मुख्य मदतनीस म्हणतात तिला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला फोन करते. तिकडची थंडी, माझे डोळे, दोघींचे गुडघे, यावर दहा मिनिटं जातात. तुझं नाव निघत नाही. का निघत नाही ते पुढं लिहीन, नाहीतर लिहिणार नाही.

जानेवारीत मी तिला म्हटलं होतं, कामावर कानात काहीतरी लावत असशील तर अमुक पुस्तक ऐक, हॉटेलातल्या मुलीचं. एवढंच म्हटलं. का म्हटलं ते माझं मला माहीत. काल फोन आला.

"ते पुस्तक ऐकलं, आई."

"कसं वाटलं?"

"पुस्तक ठीक आहे. उगाच लांबवलंय. वाचणारी चांगली आहे. त्या मुलीचं बोलते ना, तेव्हा मी एका आजोबांना भरवत होते. चमचा तसाच हातात राहिला. ते म्हणाले, बाई, मी तोंड उघडून बसलोय."

मी हसले.

"कोण आहे गं ती?"

"मला काय माहीत. असेल कुणीतरी."

"तरुण वाटते."

"तेहतीसची आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"फोनवर लिहिलंय तिथं."

फोनवर असलं काही लिहिलेलं नसतं. तिच्या मागं कुणीतरी भांडी रचत होतं, त्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आपलीही तेहतीसचीच की आता."

"हो," म्हटलं. "असेल."

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा तुझा विषय काढला आणि मी "असेल" म्हणाले. जणू शेजाऱ्याच्या पोरीचं वय विचारलं होतं. मग ती म्हणाली, वृद्धाश्रम बंद होणार आहे, जूनअखेर सगळ्यांना दुसरीकडे हलवणार, तिची खोलीही जाणार, पुढं कुठं ते ठरायचंय. मी म्हटलं, गुडघ्याला गरम पिशवी लाव.

घड्याळवाला समोरच बसला होता. जाताना दारात म्हणाला, "लेकीशी तुम्ही त्या साबणवाल्यासारखं बोलता."

आजी

८ एप्रिल, सोमवार

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच आणि मध्ये थांबू नकोस. आवाज काढून वाचायची गरज नाही.

ती दमली नव्हती.

पेटीत सात पत्रं होती, कारण आठवं मी पेटीत ठेवलं नव्हतं. ते इस्त्रीच्या टेबलाच्या कापडाखाली होतं. त्या दुपारी तू वाचत होतीस तेव्हा ते माझ्या इस्त्रीखाली होतं. मी त्याच्यावरून इस्त्री फिरवत होते.

ते आलं तेव्हा तू आठ वर्षांची. आठव्या पत्रात मला चारच ओळी होत्या. आत एक वेगळी चिठ्ठी होती, तुझ्यासाठी. मोठ्या, सुट्या अक्षरांत, आठ वर्षांच्या मुलीला स्वतः वाचता यावी अशी. माझी लेक आहे ती, बोट कुठं उचललं जातंय याचा तिला वास आला असणार. चिठ्ठीत लिहिलं होतं: "तुला माझ्याकडे यायचं आहे का? हो की नाही, ते तू लिही. तुझ्या हातानं लिही. तू लिहिशील तसं मी करीन."

ती चिठ्ठी तुझ्यासमोर ठेवली असती तर तू काय लिहिलं असतंस, ते मला माहीत होतं.

मी लोकांच्या लहान मुलींच्या आवाजांना नावं ठेवते. मीही एकदा काढला होता. तुझ्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. सोंग काढावं लागलं नाही, माझं अक्षर आहे तसंच पुरलं. चौथी शिकलेल्या बाईचं आणि चौथीत जाऊ घातलेल्या पोरीचं अक्षर एकच असतं. वेलांट्यासुद्धा त्याच चुकतात. लिहिलं: "आई, मला इथं बरं वाटतं. मला यायचं नाही. तू सारखं विचारू नकोस. आजीला त्रास होतो."

आता वर्षभर पुस्तकं ऐकून कळतं की शेवटची ओळ जास्तीची होती. आठ वर्षांची पोर आजीला त्रास होतो म्हणून कशाला लिहील? तिथं म्हातारीचा आवाज बाहेर आलाय. नीट ऐकणारं कुणी असतं तर त्याच ओळीला पकडलं असतं. पण तुझ्या आईच्या हातात तुझं अक्षर म्हणून आलेला तो पहिला कागद. ती ऐकत बसली नाही. तिनं कबूल केलं होतं तसं केलं.

त्यानंतर ती पत्रं लिहायची थांबली, फोनवर माझ्याशीच बोलायची. ती मध्ये का आली नाही, तर तिचे तिकडं राहायचे कागद पक्के व्हायला आणखी सहा वर्षं लागली, तोवर बाहेर पडली असती तर परत आत घेतलं नसतं. कागद झाले तेव्हा तू चौदाची. मी तुला फोनवर बोलावलं, तर तू म्हणालीस, "कोण आई? थंडीवाली?" मी फोनवर सांगितलं, नाही येत म्हणते, तिचं नाव काढू नकोस, पोर बिथरते. ते मात्र खरं होतं. खरं करून ठेवलं होतं ते मीच.

आणि तू एकोणीसची असताना म्हणालीस, मग दमली. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर पुढची चौदा वर्षं तू तिच्यावर तरी रागावली नसतीस. माझ्यावरचा राग पुरेसा होता, दोघींना वाटायची गरज नव्हती. पण तू आधीच बॅगेत कपडे कोंबत होतीस, आणि मला वाटलं, माझ्याकडून जातेय तर निदान तिच्याकडे जाऊ नये. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. कॅलेंडरची तीन पानं फाडली.

काल पहिला रविवार होता. घड्याळवाल्याला म्हटलं, आज वर येऊ नका. तिनं थंडीनं सुरुवात केली. मी म्हटलं, थांब. आणि सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच आणि त्याच क्रमानं, काही गाळलं नाही.

बराच वेळ काही आवाज नाही. मला त्या दाराच्या प्रकरणाची आठवण झाली, पण फोन मांडीवर आपटला नाही.

मग म्हणाली, "ती उत्तराची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. आत्ताही."

"अजून?"

"तिचं अक्षर म्हणून ठेवली होती. दुसरं काही नव्हतंच ना तिचं माझ्याकडे. घड्या पडून फाटली तर मागून पट्टी चिकटवली." मग म्हणाली, "म्हणजे पंचवीस वर्षं मी तुझं अक्षर घेऊन फिरतेय."

मी हो म्हटलं.

"तिला हे माहीत आहे?"

"लिहिते आता. आणि ऐक, ते पुस्तक वाचणारी जी आहे ना, ती तीच."

"कुठलं पुस्तक?"

"तेच. हॉटेलातल्या मुलीचं."

तिनं माझ्याशी भांडावं असं मला फार वाटत होतं. लहानपणी कशी भांडायची, दोन मजले ऐकू जायचं. भांडली नाही. म्हणाली, "तीनदा ऐकलं मी ते, आई." मग म्हणाली, "ठेवते." गुडघ्यांवर आम्ही बोललोच नाही.

आजी

६ मे, सोमवार

काल पहिला रविवार होता. फोन आला नाही.

घड्याळवाला दुपारपासून येऊन बसला होता. पुस्तक लावूया का विचारलं, मी नको म्हटलं. फोन टेबलावर मध्ये ठेवला आणि दोघं बसून राहिलो. तो दोनदा म्हणाला की तिकडची वेळ मागं असते. त्याला वेळा पाठ असतात. सहा वाजता म्हणाला, "आता तिकडंही रविवारची दुपार उलटली," आणि उठला.

"तुम्ही करा की फोन."

"मी केला तर ती उचलेल, घड्याळवाले. ती तशी आहे. उचलेल आणि थंडीचं बोलेल. मला ते नको."

"मग काय हवंय?"

त्याला काय सांगायचं. मला जे हवं होतं ते मी पंचवीस वर्षांपूर्वी घेऊन बसले, आणि अकरा वर्षं पुरवलं. त्यानंतर घरात "आलीस?" विचारायला कुणी नव्हतंच. तिला पोर मिळाली नाही, तुला आई मिळाली नाही, आणि मला मिळालं ते टिकलं नाही. तिघींत कुणाचंच भलं झालं नाही, एवढं कळायला मला बेचाळीस पुस्तकं कशाला हवी होती. चूक कबूल केली की म्हातारीच्या छातीवरचा दगड उतरतो, असं त्या पुस्तकांत असतं. माझा उतरला नाही. आधी तो माझा एकटीचा होता, आता तिघींकडे आहे, एवढाच फरक. तरी सांगितल्याचा पस्तावा नाही. आधी सांगितलं नाही, त्याचा आहे.

माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी बोलावं लागतं, आणि तुझ्यावर आणखी एक काम मला टाकायचं नाही. मी या पत्रात फक्त पोस्टमनचं काम करतेय. ते मला पंचवीस वर्षांपूर्वी नीट करता आलं नाही.

सोबत दोन कागद आहेत. एकावर तुझ्या आईचा पत्ता. घड्याळवाल्यानं भिंग लावून लिहिलाय, मी तीनदा वाचून घेतलाय, चूक असणार नाही. तो पत्ता जूनअखेरपर्यंतच चालेल. त्यानंतर ती खोली राहणार नाही, आणि पुढचा पत्ता ती मला कळवेल असं आता वाटत नाही. म्हणजे जून गेला की तुम्हा दोघींमधला धागा माझ्याकडेही नसेल. मे महिना चालू आहे. पत्र पोचायला बारा-पंधरा दिवस लागतात. बाकी तुझं तू मोज.

दुसरा कागद म्हणजे तुझ्या आईनं तुला पाठवलेली ती चिठ्ठी. कापडाखाली राहून पिवळी झालीय, एका कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग आहे, तो माझा. अक्षर मोठं आहे. आता मला ते दिसत नाही, पण बोट फिरवलं की पेन दाबून लिहिलेलं कळतं. ती तुझी आहे. तुझ्या नावानं आलेली, तुला दिली नव्हती, आता दिली.

तू तिला काय लिहावंस ते मी सांगणार नाही. आठ वर्षांच्या पोरीला विचारलेला प्रश्न तेहतीस वर्षांच्या बाईनं कसा सोडवायचा, ते मला ठाऊक नाही. हो लिही, नाही लिही, शिव्या घालायच्या असल्या तर घाल, त्यात मला धरून घाल. एक ओळ लिहिलीस तरी चालेल. फक्त आवाज पाठवू नकोस, आवाज तिनं तीनदा ऐकलाय. तिच्या पर्समध्ये कागद आहे, तो काढून टाकायला तिला दुसरा कागद लागेल.

तू मला एक ओळही लिहायची नाहीस. मी वाट बघत बसेन असं समजू नकोस, मी पुस्तकं ऐकत बसेन. प्रश्न तुला विचारला होता आणि उत्तर मी दिलं. आता तिला उत्तर तू द्यायचं. मी नाही, कंपनीचं कार्ड नाही, तू.

आजी